पाकिटातला हलवा

मागच्या रांगांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. माझ्या हातात एक पाकीट आहे. तळहाताएवढं, कडा पिवळ्या पडलेलं. पत्ता माझ्या आजीचा, पंचवटी, नाशिक. पाठवणारा माझा मामा, तो तेव्हा भुसावळला रेल्वेत होता. आत एक कार्ड आहे. नऊवारीतली बाई, हातात वाटी, मागे दोन पतंग आणि खाली छापलेलं, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. त्याखाली मामाच्या हातची एकच ओळ, ‘ती. आईस सा. न. वि. वि., यंदा येणं होत नाही.’ आणि डाव्या कोपऱ्यात गव्हाच्या दाण्याएवढा तेलकट डाग.

त्या डागाबद्दलच मला आज बोलायचं आहे.

माझी सगळी नोकरी टपालात गेली, त्यातली बरीचशी पत्रं छाटण्यात, म्हणजे गावागावांप्रमाणे वेगळी करण्यात. त्यामुळे पत्र हातात आलं की आधी बाहेरून वाचायची सवय. मागच्या वर्षी हे पाकीट असलेली ट्रंक उघडली तेव्हा नातीने विचारलं, ‘आजोबा, सणाला कार्ड पाठवायची पद्धत कुणी सुरू केली?’ मी पटकन म्हणालो, इंग्रजांनी. बोलून गेलो, पण उत्तर मनाला पटेना. मग या पाकिटालाच विचारायचं ठरवलं.

मोहोर पुसट झाली आहे, साल वाचता येत नाही. पण तिकीट बोलतं. तिकिटावर भारताचा नकाशा आहे आणि किंमत नव्या पैशांत. 1 एप्रिल 1957 ला आणे जाऊन नवे पैसे आले, त्याच दिवशी ही नकाशाची तिकिटं निघाली. पुढे 1 जून 1964 पासून ‘नवा’ हा शब्द गळाला आणि नुसता पैसा उरला. म्हणजे पाकीट त्या सहा-सात वर्षांतलं. आणि तिकीट छापलं कुठे? आपल्या नाशिकरोडला. 1925-26 च्या सुमाराला इथे सिक्युरिटी प्रेस उभा राहिला, त्याआधी आपली तिकिटं लंडनहून छापून येत. इथे छापलेलं तिकीट भुसावळला गेलं आणि मामाच्या पाकिटावर बसून परत नाशिकला आलं.

आता लंडनची गोष्ट, कारण ती टाळून चालणार नाही. 1840 पर्यंत इंग्लंडात पत्राचे पैसे अंतरावर ठरत आणि बहुधा पत्र घेणारा भरत असे. गरिबाच्या दारात पत्र आलं की आनंदाआधी खर्चाची धास्ती. रोलंड हिल या माणसाच्या आग्रहाने ते बदललं. एक पेनी, अंतर कितीही असो, पैसे पाठवणाऱ्याने आधी भरायचे. मे 1840 मध्ये जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट आलं. (आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालयही 1840 चंच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मला ते साल त्यामुळे कायम लक्षात राहतं.)

या सुधारणेत हिलबरोबर काम केलेला एक सरकारी अधिकारी होता, हेन्री कोल. पत्र स्वस्त झालं तशी त्याच्याकडे पत्रांची रीघ लागली आणि नाताळात प्रत्येकाला उत्तर लिहायला वेळ पुरेना. 1843 साली त्याने जॉन हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. मधे जेवायला बसलेलं मोठं कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसं. वर ‘कुणास’, खाली ‘कुणाकडून’ अशी मोकळी जागा. हजारभर प्रती शिळाछापावर छापून हाताने रंगवल्या. किंमत एक शिलिंग. एका शिलिंगचे पेनी बारा, म्हणजे एका कार्डाच्या किमतीत बारा पत्रं गेली असती. त्यामुळे ते लगेच घराघरांत पोचलं नाही. चित्रात लहान मुलाच्या तोंडाला दारूचा पेला लावलेला दाखवला म्हणून त्यावर टीकाही झाली. 1870 मध्ये उघड्या कार्डाला अर्धी पेनी असा दर झाला, तेव्हा कुठे नाताळाची कार्डं खऱ्या अर्थाने सामान्य माणसाच्या हाती आली.

हे मी सविस्तर सांगतो आहे ते एका कारणासाठी. कोलने कार्ड काढलं ते पत्र लिहिण्याचं काम टळावं म्हणून. वेळ नाही, माणसं अनेक, म्हणून छापील मजकूर. आता मामाकडे या. मामाला आईला पत्र लिहायला वेळ नव्हता का? तो तर दर पंधरा दिवसांनी कार्ड टाकत असे. मग संक्रांतीला चित्राचं छापील कार्ड का?

आपल्याकडे पाया तयार व्हायला थोडा वेळ लागला. 1854 च्या ऑक्टोबरात देशभर एक दर आला, अर्ध्या आण्यात हलकं पत्र कुठेही. पण खरी क्रांती 1 जुलै 1879 ची. त्या दिवशी पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. पाव आणा म्हणजे एक पैसा. त्या पैशाच्या कार्डाने माहेर आणि सासर, गाव आणि गिरणी, शेत आणि पलटण यांच्यात दोरी बांधली. टपालात वावरलेल्या माणसाला त्या कार्डाबद्दल काय वाटतं, ते शब्दांत सांगणं कठीण आहे. कोट्यवधी माणसांनी आयुष्यात पुस्तक उघडलं नाही, पण कार्ड मात्र कुणाकडून तरी लिहून घेतलं आणि वाचून घेतलं.

छपाईही आली. पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली, 1894 मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला. देवांची रंगीत चित्रं भिंतीवर लागली. म्हणजे टपाल होतं, रंगीत छपाई होती, आणि साहेबाच्या टेबलावर नाताळाची व नव्या वर्षाची कार्डं येतात हे हाताखालच्या कारकुनाला रोज दिसत होतं. त्यानंतर दोनेक आठवड्यांत आपली संक्रांत. इथवर ‘इंग्रजांनी’ हे उत्तर बरोबर वाटतं.

पण कागदातून शुभ पाठवणं आपल्याला साहेबाने शिकवलेलं नाही. आठवून बघा. लग्नपत्रिकेला हळद-कुंकू लावायचं, आत अक्षता घालायच्या. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ घालायचा. दसऱ्याला लांबच्या भावाला पत्रात आपट्याचं पान. आणि उलट बाजूने, मृत्यूचं कार्ड आलं की ते वाचून बाहेरच फाडायचं, घरात ठेवायचं नाही. आपल्या लोकांच्या लेखी कागद नुसता निरोप कधीच नव्हता. तो घरात येणारी वस्तू होता, आणि शुभ असेल तर शुभाचा अंश सोबत घेऊन येत असे.

संक्रांतीचं तर त्याहून पुढे. बाकीच्या बहुतेक सणांचं काम घरात पूजा आणि पान वाढण्याने होतं. संक्रांतीला मात्र उठून दुसऱ्याच्या दारी जावं लागतं. लहानांनी डबी घेऊन गल्लीभर फिरायचं, मोठ्यांच्या हातावर तीळ ठेवायचे, वाकायचं आणि ठरलेलं वाक्य म्हणायचं. वाक्य सगळ्यांचं एकच. म्हणजे कार्डावर काय छापायचं, हा प्रश्न कुठल्याही छापखानदाराला पडलाच नसणार. मजकूर पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ होता, त्याला फक्त चौकट मिळाली.

जपानात असंच घडलं. नव्या वर्षाला घरोघरी भेटीला जायची तिथली जुनी रीत. 1873 मध्ये पोस्टकार्ड आलं आणि जिथे जाणं जमत नाही तिथे कार्ड जाऊ लागलं. ती इतकी वाढली, की 1899 पासून त्यांच्या टपालखात्याने ही कार्डं आधी गोळा करून ठेवून 1 जानेवारीला वाटायची सोय केली. तिथेही कार्ड आलं ते पत्राच्या जागी नाही, पावलांच्या जागी.

आता परत पाकिटाकडे, कारण पुरावा इथे आहे.

ट्रंकेत दिवाळीची कार्डंही निघाली, वीसेक. त्यांची पाकिटं बघा. झाकण चिकटवलेलं नाही, आत खोचलं आहे. हे बुकपोस्ट. छापील मजकुराला कमी दर असे, अट अशी की पाकीट उघडं हवं आणि हाताने लिहायला मोजक्याच शब्दांची मुभा. म्हणून तर त्या कार्डांवर नुसती सही आणि ‘आणि परिवार’ एवढंच असतं. आपल्याला वाटतं लोक लिहायला कंटाळत होते, पण त्यामागे टपालाचा दर होता. जास्त लिहिलं तर पाकीट नॉटपेड व्हायचं आणि घेणाऱ्याच्या दारात पोस्टमन पैसे मागायचा.

संक्रांतीची पाच पाकिटं निघाली. पाचही गोंदाने घट्ट बंद, पाचांवर पूर्ण पत्राचं तिकीट. मामा रेल्वेतला साधा नोकर, पै-पै जपणारा. दिवाळीला त्याने बुकपोस्टाचा दर वापरला आणि संक्रांतीला जास्तीचे पैसे भरले. का? आत हलवा होता म्हणून. उघड्या पाकिटातून दाणे सांडतात, आणि हलवा काही छापील मजकुरात बसत नाही.

हलवाच, लाडू नाही. हे आजीकडूनच ऐकलेलं. गुळाचा लाडू पाकिटात घातला तर कागद खातो, पाझरतो, शेजारची दहा पत्रं चिकटवतो. हलवा कोरडा. परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद निखारे, आणि चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी फिरवत राहायचं. एकदम पाक टाकला तर गोळा होतो, धीर धरला तर काटा फुटतो. आजीचं हे चार-पाच दिवस चालायचं, पहाटेच्या थंडीत, आणि निफाडकडून थंड वारा आला की ती म्हणायची, आता काटा चांगला येईल. त्यातले निवडक आठ-दहा दाणे पतंगाच्या कागदाच्या पुडीत बांधून भुसावळला जायचे. तिकडून विकतच्या हलव्याचे तेवढेच इकडे यायचे. घरात परातभर हलवा असताना आजी ती पुडी आधी देवापुढे ठेवायची आणि मग प्रत्येकाच्या हातावर एक-एक दाणा.

छाटणीच्या टेबलावर संक्रांत आम्हाला बोटांनी कळायची. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की पाकिटं खडबडीत लागायची. शिक्का मारणाऱ्याचा हात एका लयीत चाललेला असतो, ठप-ठप, तो थांबत नाही. पुडी तिकिटाच्या खाली सरकलेली असली की दाणे तिथेच भुकटी. मी नवा असताना एका दिवसात कितीतरी पुड्या अशा फोडल्या. आमच्या हेडसॉर्टरनी माझा हात धरला आणि पाकीट उभं धरून दोनदा टेबलावर हलकं आपटून दाखवलं. पुडी खाली जाते, तिकिटाचा कोपरा मोकळा होतो, मग शिक्का मारायचा. एका पाकिटामागे एखादा सेकंद जास्त लागतो. नियमात कुठे लिहिलेलं नाही, पण पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी ते शिकवलं.

तर माझ्या तर्काने उत्तर असं. कार्ड ही चौकट विलायतेची, यात शंका नाही. पण संक्रांतीच्या पाकिटात कार्ड हे मुख्य नव्हतंच. मुख्य तो दाणा. तो नुसता धाडला तर चुरा होईल, म्हणून त्याला पुठ्ठ्याचा आधार हवा, आणि पुठ्ठा आहे तर त्यावर चित्र का नको. ही पद्धत सुरू केली ती नोकरीसाठी घर सोडलेल्या माणसांनी, ज्यांना त्या दिवशी आईच्या पाया पडता येत नव्हतं. मामाच्या ओळीत तेच आहे, ‘यंदा येणं होत नाही.’

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशा ट्रंका असतील, म्हणून एक कामाची गोष्ट. जुन्या पाकिटावर 11 किंवा 12 जानेवारीची मोहोर दिसली, तर ते नुसतं नव्या वर्षाचं कार्ड आहे असं समजून बाजूला टाकू नका. संक्रांत कायम 14 तारखेलाच नव्हती. सूर्याचा मकरप्रवेश इंग्रजी तारखेच्या हिशेबाने साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख 12 जानेवारी 1863. हल्ली काही वर्षी ती 15 ला येते. म्हणजे कार्ड जितकं जुनं, तितकी मोहोर आधीच्या तारखेची शोधायची. राजाचं डोकं असलेलं तिकीट असेल तर ते स्वातंत्र्याच्या आसपासचं किंवा आधीचं. तिकीट पाण्यात भिजवून काढू नका, पाकिटासकटच ठेवा. झाकण बघा, चिकटवलेलं की खोचलेलं.

आणि बंद पाकीट मिळालं तर टेबलावर पांढरा कागद पसरा, पाकीट उलटं धरा आणि हळूच दोनदा टिचकी मारा. या पाकिटातून मागच्या वर्षी एक तीळ पडला. साखर सगळी गेलेली, काळसर, सुकलेला. नातीने तो उचलला आणि मला विचारलं, खाऊ का? मी नको म्हणालो. तो इथे या काचेच्या डबीत आहे. जाताना बघून जा.