आधी मापं, मग पाडकाम

जुन्या शहरातली एखादी गल्ली पाहा. एकही इमारत नावाजलेली नाही, तरी गल्ली लगेच ओळखू येते. दर ६ मीटरला घर बदलतं, कंगण्या (भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेल्या पट्ट्या) जवळपास एका रेषेत आहेत, खिडक्या रुंदीच्या दुप्पट उंच आहेत. पुनर्विकासात पहिला घाव या मापांवरच बसतो. ५ भूखंड जोडले की ३० मीटर लांबीची एकच सपाट भिंत उभी राहते. ती रस्तारुंदीसाठी ३ मीटर मागे घेतली, की दात पडल्यासारखी फट दिसते. म्हणून भूखंडाची रुंदी, बांधकामाची रेषा आणि कंगणीची उंची आराखड्यात आधीच पक्की हवी.

पाडकामापूर्वी दर्शनी भिंतीचा १:५० प्रमाणात नकाशा काढतात, नक्षीचा मूळ मापात. उतरवलेल्या प्रत्येक खांबावर, तुळईवर, चौकटीवर क्रमांक आणि तोच क्रमांक नकाशावर. हे करायचं राहून गेलं, तर चांगलं सागवानही सरपणाच्या ढिगात जातं.

दर्शनी भिंत ठेवून मागे नवी इमारत बांधायची असेल, तर पोलादी आधार आधी, मजले काढणं नंतर. जुने मजलेच भिंतीला धरून असतात. ते निघाले की भिंत बाहेर कलते. आणि समजा, जुना मजला ४ मीटरचा, नवा ३ मीटरचा. मग नवा स्लॅब खिडकीच्या मधोमध येतो, काचेमागे काँक्रीट दिसतं. याला जतन म्हणता येणार नाही. उंची जुळत नसेल, तर स्लॅब खिडकीपासून मागे थांबवायला हवा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र सिमेंट करतं, तेही दुरुस्तीच्या नावाखाली. विटांमधल्या चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून, भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटनं त्या बुजवल्या की ओल विटेतून वाट काढते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि विटेचा पापुद्रा सुटतो. १० मिलिमीटरची दर्ज निदान २० ते २५ मिलिमीटर खोल, छिन्नीनं हातानं कोरायची; ग्राइंडरनं विटांच्या कडा जातात. मग भिंत ओली करून १ भाग चुना आणि ३ भाग चाळलेली वाळू दाबून भरायची. वर ओलं गोणपाट आठवडाभर तरी हवं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. उन्हात भरभर वाळला, तर बोटानं भुगा निघतो.

नव्या इमारतीवर जुन्या नक्षीची नक्कल नको. नवा भाग जुन्याशी जुळावा, पण वेगळा ओळखता यावा, हे १९६४ च्या व्हेनिस सनदेतलं (वारसा वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय सनदेतलं) तत्त्व इथेही लागू पडतं. खिडक्यांचं प्रमाण जुनं ठेवा, चौकट आजची चालेल.