चोपड्या छत्तीस, जकात सदतीस

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी ‘आमच्या घरातले एक वर्ष’ असे सांगितले. त्यावर त्यांच्यातल्या एकाने मोठ्या आपुलकीने विचारले, ‘बाई, मुस्लिम एकत्र कुटुंब म्हणजे सलोख्याविषयी बोलणार ना?’ सलोख्याविषयी मी बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकते. 31 माणसांच्या घरात न्हाणीघरे चारच असली की पहाटे सलोखा किती उरतो, हे आमच्या जिन्यात उभे राहून पाहावे. मला बोलायचे आहे ते हिशेबाविषयी. प्राथमिक शाळेत 38 वर्षे अंकगणित शिकवलेल्या बाईला दुसरे काय सुचणार?

माझ्या पतींचे फळांच्या आडतीचे दुकान होते. त्यांनी ते 1972 च्या दिवाळीत सुरू केले आणि 2008 च्या दिवाळीत मुलांच्या हवाली केले. सांगलीतल्या इतर व्यापाऱ्यांप्रमाणे त्यांचीही चोपडी दिवाळीच्या पाडव्याला बदले. ते गेल्यानंतर मी त्यांचे लोखंडी कपाट आवरायला घेतले, तेव्हा लाल कापडी बांधणीच्या चोपड्या बरोबर 36 निघाल्या. त्यांच्याखाली एक शाळकरी वही होती, आणि तिच्यात दर रमजानला काढलेल्या जकातीची नोंद होती. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के वाटा, म्हणजे चाळिसावा हिस्सा, जो गरजूंचा असतो. त्या नोंदी मी मोजल्या. त्या 37 भरल्या. मला वाटले, माझेच मोजण्यात चुकले, म्हणून पुन्हा मोजल्या. मग वाटले, त्यांनी एखादे वर्ष विसरून दोनदा दिली असेल. शेवटी जमिनीवर बसून एकेक रमजान आणि एकेक दिवाळी समोरासमोर लावत गेले, तेव्हा उलगडा झाला. कुणाचेही काही चुकले नव्हते. जकातीचे वर्ष चांदाचे, 354 किंवा 355 दिवसांचे असते. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरत सरत छत्तीस दिवाळ्यांत सदतीस रमजान बसले होते.

दिवाळीचे वर्षही चंद्राचेच आहे, हे आपल्याला ठाऊक असते, पण लक्षात राहत नाही. पंचांगाचे महिने चंद्रावरच चालतात. फरक एवढाच, की साधारण दर 32-33 महिन्यांनी पंचांग एक जास्तीचा महिना घालून ऋतूंशी पुन्हा जुळवून घेते. आमच्या हिजरी वर्षात तो धोंड्याचा महिना नाही. (त्यामुळे आमच्या जावयांचे अनारशांचे वाण बुडते, ही तक्रार माझ्या एका जावयाने माझ्याकडे अगदी गंभीरपणे केलेली आहे.) धोंडा नाही, म्हणून आमचा रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि सुमारे 33 वर्षांनी जिथून निघाला तिथे येतो.

माझा जन्म कडेगावचा, 1952 च्या मे महिन्याच्या अखेरचा, आणि ते रमजानचे पहिले दिवस होते. माझी आई सांगायची, की त्या उन्हात रोजा धरलेल्या बायकांनी माझे बाळंतपण केले आणि पाण्याचा तांब्या आईच्या हातात देताना स्वतः ओठसुद्धा ओले केले नाहीत. तो मे महिन्यातला रमजान पुन्हा 1985 साली आला, तेव्हा मी 33 वर्षांची होते आणि माझ्या पदरात तीन मुले होती. 2018 साली तो आणखी एकदा आला, तेव्हा मी 66 वर्षांची होते आणि डॉक्टरांनी मला रोजे धरायला मनाई केली होती. सांगलीत डिसेंबरचा दिवस सुमारे अकरा तासांचा आणि जूनचा तेरा तासांचा असतो, म्हणजे घड्याळाने पाहिले तर फरक दोनच तासांचा. जिभेला मात्र तो फरक फार मोठा वाटतो. चांदाच्या हिशेबाने मी 75 वर्षे कधीच पूर्ण केली आहेत. तेव्हा माझा अमृतमहोत्सव करण्याचे ज्यांच्या मनात असेल त्यांना उशीर झालेला आहे.

आता या सरत्या 2025 सालाविषयी. आमच्याकडे वर्षाची सुरुवात मृत्यूने झाली. 9 फेब्रुवारीला, म्हणजे रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या 10 तारखेला, माझे धाकटे दीर वारले. चारच दिवसांनी शब-ए-बरातची रात्र आली. त्या रात्री माणसे कबरस्तानात जाऊन आपापल्या माणसांसाठी दुआ मागतात. दर वर्षी आमची मुले जुन्या कबरींवर फुले घालून तासाभरात परत यायची. या वर्षी मातीचा नवा ढीग होता आणि ती मध्यरात्र उलटली तरी परतली नव्हती.

माझी जाऊ इद्दतीला बसली. पतीच्या मृत्यूनंतर पत्नीने चार महिने दहा दिवस घरात राहायचे, नटायचे नाही आणि दुसऱ्या लग्नाचा विचार करायचा नाही, असा तो नियम आहे. माझ्या एका सुनेने मोबाइलवर मोजून सांगितले, ‘चाची, 19 जूनला संपेल.’ जाऊ कधी शाळेत गेलेली नाही. ती खाटेवर बसल्या जागी म्हणाली, ‘नाही गं, बकरी ईदला चार महिने होतात, त्यावर दहा.’ म्हणजे 17 जून. दोघींची दोन दिवस हुज्जत चालली आणि शेवटी निवाड्यासाठी प्रकरण माझ्याकडे आले. मी कागदावर मांडले. इंग्रजी चार महिने 120 दिवसांचे होत होते, चांदाचे चार महिने 118 दिवसांचे. आमच्याकडे इद्दत चांदाच्या महिन्यांवर मोजतात, म्हणून जाऊ बरोबर होती. सुनेने हसून माघार घेतली, पण मला वाईट एका गोष्टीचे वाटले. रमजान ईद आणि बकरी ईद, दोन्ही त्या खोलीतच जाणार, हे त्या बाईने पहिल्याच दिवशी मनात मोजून ठेवले होते, आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते.

रमजान 2 मार्चला लागला. मार्च म्हणजे द्राक्षांचा ऐन हंगाम. तासगावकडच्या बागांमधून माल येत असतो, मुलगे आणि नातू पहाटेपासून फळ मार्केटात असतात, आणि सौदे लांबले तर सूर्यास्तानंतरच्या मगरिब नमाजाची अजान तिथेच होते. मग पाटीवर वर्तमानपत्र अंथरून, खजूर आणि त्याच दिवशी उतरलेली द्राक्षे खाऊन ते रोजा सोडतात. माझ्या पतींनी हंगामाच्या दिवसांत सारे आयुष्य असेच केले. घरात मात्र गोष्ट वेगळी असते. खाली एक आणि वर एक अशी आमची दोन स्वयंपाकघरे आहेत, आणि इफ्तारीच्या आधीचे दोन तास त्या दोन्ही ठिकाणी फक्त बायका उभ्या असतात. यंदा माझी फार्मसी शिकणारी नात पाचव्या रोजाला कढईपुढून बाजूला झाली आणि म्हणाली, ‘दादी, रोजा माझाही आहे.’ मी गप्प राहिले, कारण मी नोकरी करून, रोजा धरून, अशीच कढईपुढे उभी राहिले होते आणि हे वाक्य मला 1985 साली सुचायला हवे होते. दर रविवारी भजी मुलांनी तळायची, असे त्या दिवशी ठरले. पहिल्या रविवारी माझ्या नातवाने तेल तापण्याआधीच पीठ सोडले. ते तळाशी बसून गोळा झाले, मग त्याने आच वाढवली, आणि बाहेरून काळी व आतून कच्ची अशी भजी 31 माणसांनी मुकाट्याने खाल्ली. माफ करा, 30 माणसांनी. दिरांचे ताट मोजायची सवय माझी अजून गेलेली नाही.

याच महिन्यात, विसाव्या रोजाच्या सुमारास, आमच्याकडे पणती जन्मली आणि आम्ही पुन्हा 31 झालो.

30 मार्चला गुढीपाडवा होता आणि आमचा एकोणतिसावा रोजा होता. शेजारच्या वहिनी गेली चाळीस वर्षे पाडव्याला आमच्याकडे साखरेची गाठी आणून देतात. या वर्षी त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, आता खायची नाही तुम्हाला. ठेवून द्या.’ ती पिवळी-पांढरी गाठी दिवसभर फडताळात लटकत राहिली आणि लहान मुले येता-जाता तिच्याकडे पाहत राहिली. संध्याकाळी सगळे घर गच्चीवर गेले. वहिनींनी तोवर गुढी उतरवली होती. रिकामी काठी कठड्याला टेकून उभी होती. पश्चिमेला पूर्ण काळोख होण्याआधी धाकटा नातू ओरडला, ‘दादी, चाँद दिख्या!’ मला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही काही दिसले नाही, पण एवढी पोरे एकाच दिशेला बोट दाखवीत असताना शंका घेण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी रोजा सोडताना खजुराच्या बरोबरीने गाठीचा एकेक तुकडा प्रत्येकाला मिळाला. दुसऱ्या दिवशी ईद झाली. शीरखुर्म्याचा पहिला वाडगा जावेच्या खोलीत गेला, आणि माझी ती सून तिथेच तिच्याजवळ बसून जेवली.

पाडव्याला लागून ईद आली, याचे अनेकांना नवल वाटले. त्यात नवलाचे काही नव्हते. 2023 साली अधिक श्रावण आला आणि तेव्हापासून आमचे आणि पंचांगाचे महिने एका नव्या जोडीने चालू लागले: आषाढाबरोबर मुहर्रम, भाद्रपदाबरोबर रबिउल अव्वल, फाल्गुनाबरोबर रमजान. 2023 मध्ये तो अधिक मास लागण्याच्या आधी, 29 जूनला, आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या. अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढे ढकलली. जोडी बदलल्यावर 2024 मध्ये 17 जुलैला आणि यंदा 6 जुलैला आषाढी आणि मुहर्रमची दहावी तारीख एकत्र आली. वृत्तपत्रे याला योगायोग म्हणतात. मी वर्गात असते तर त्या बातमीदाराला पाढे म्हणायला लावले असते.

कडेगावला त्या दिवशी ताबुतांच्या भेटी असतात. बांबूचे ते मजल्यावर मजले चढवलेले ताबूत चौकात एकमेकांसमोर येतात, आणि त्यांत हिंदू घराण्यांचेही ताबूत असतात, हे आपण जाणता. यंदा गुडघ्यांमुळे मला माहेरी जाता आले नाही. मी सांगलीतच रोजा धरला. माझ्या पतींच्या मागे डॉक्टरांचे एवढे ऐकण्याची गरज मला वाटत नाही. वहिनींची एकादशी होती. सूर्य मावळल्यावर त्या राजगिऱ्याचे लाडू घेऊन आल्या. आमच्याकडे त्या दिवशी चोंगे, म्हणजे मुहर्रमच्या गोड पोळ्या, केले होते, पण ते गव्हाचे, म्हणून त्यांना चालणारे नव्हते. तेव्हा मी त्यांच्या लाडवाने रोजा सोडला आणि त्यांच्या वाट्याचे चोंगे डब्यात घालून द्वादशीच्या पारण्यासाठी दिले. ‘तुम्ही पाणीही पीत नाही आणि आम्ही साबुदाण्याने पोट भरतो, मग उपास कुणाचा मोठा?’ असे त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘तुमचा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालतो, माझा संपलासुद्धा.’ आम्हा दोघींनाही गुण वाटून घ्यायची जुनी खोड आहे.

सप्टेंबरात 5 तारखेला ईद-ए-मिलाद आणि 6 तारखेला अनंत चतुर्दशी आली. राज्यात अनेक ठिकाणी मिलादचे जुलूस विसर्जनानंतर निघाले. आमच्या तरुण नातवंडांत यावरून थोडी कुरकूर झाली, ती मी इथे लपवत नाही. ‘दर वेळी आपणच का थांबायचे?’ हा प्रश्न त्यांनी घरात विचारला आणि त्याला वडीलधाऱ्यांपैकी कोणी धड उत्तर दिले नाही. मी एवढेच म्हटले, की तारखा वर्षभर आधी माहीत असतात, तर दोन्ही बाजूंनी वर्षभर आधी बसून बोलावे. हे उत्तर त्यांना पटले, असे म्हणता येणार नाही.

ही जोडीही आता मोडणार आहे. 2026 मध्ये 17 मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. पंचांग एक महिना थांबेल, आम्ही थांबणार नाही; मुहर्रम जूनच्या अखेरीस येऊन जाईल आणि आषाढी 25 जुलैला येईल. मागच्या आठवड्यात नव्या वर्षाची दिनदर्शिका आली तेव्हा वहिनी आणि मी ती ओट्यावर पसरून बसलो होतो. आषाढी आणि मुहर्रमची ही जोडी पुन्हा कधी जमेल, असे त्यांनी विचारले. मी बोटांवर मोजून सांगितले, की सुमारे तीस-बत्तीस वर्षांनी. पणती माझ्या मांडीवर होती. वहिनींनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘हिला लाडू कोण नेऊन देणार, ते माझ्या नातसुनेला आत्ताच सांगून ठेवते.’ नंतर आम्ही पेन्सिल घेतली आणि 2026 च्या जुलैच्या पानावर, 25 तारखेच्या चौकोनात, ‘चोंगे नाहीत’ असे लिहून ठेवले.