आजीची बैठक, नातवाची बैठक

मंडळी, नमस्कार. ‘आता रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून व्यायाम करायचा’ हा बेत बहुतेक घरांत चौथ्या-पाचव्या दिवशी बारगळतो. बोल आळसाला लावला जातो, पण चूक आखणीत असते. नऊ वर्षांचा मुलगा, चाळिशीतले आईबाबा आणि सत्तरीची आजी, सगळ्यांना मिळून एकच हुकूम सुटतो: चला, वीस बैठका! मुलगा मिनिटभरात उरकून कंटाळतो, बाबांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात आणि आजी गुडघा चोळत सोफ्यावर बसते. खेळ सगळ्यांचा एक असावा, वेळही एक असावी, पण भार ज्याचा त्याला. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

म्हणून आकडा ठरवू नका, घड्याळ लावा. तीस सेकंद करायचं, तीस सेकंद थांबायचं, अशा तीन फेऱ्या. तीस सेकंदांत आजीच्या आठ होतील, नातवाच्या वीस. दोघंही एकाच वेळी सुरू करतात आणि एकाच वेळी थांबतात. कुणी कुणाची वाट पाहत ताटकळत नाही, आणि घर एकत्र राहतं ते त्यामुळे.

जागेचं आधी पाहू. दहा बाय बाराचा हॉल असला, टीपॉय बाजूला सरकवला, की आठ बाय आठ फुटांची मोकळी जागा निघते. चार माणसांना एवढी पुरते. पायात मोजे नकोत, गुळगुळीत फरशीवर मोज्यांइतकं घसरडं दुसरं काही नाही. सतरंजीचंही तेच, ती पायाखालून सरकते. आडवं होऊन करायच्या प्रकारांनाच ती अंथरा. घामाचे थेंब पुसायला एक फडकं हाताशी ठेवा. आणि जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या.

आता बैठक. आजीची बैठक खुर्चीवरची. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते, आणि सरकते ती नेमकी माणूस बसायला टेकतो तेव्हा. म्हणून तिची पाठ भिंतीला लावून ठेवायची. आजीनं आसनाच्या पुढच्या अर्ध्या भागात बसायचं. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे ओढून घ्यायची, हात छातीवर फुली करून ठेवायचे, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे झुकायचं आणि उठायचं. पावलं पुढेच राहिली तर शरीराचा भार मागेच राहतो, मग मांड्यांवर हात रेटून उठावं लागतं. आजी म्हणते, ‘माझ्यानं नाही होत.’ अहो, होतं! पावलं चार बोटं मागे घेऊन पाहा. तरीही जड गेलं तर आसनावर घडी घातलेली गोधडी ठेवून उंची तीन-चार इंच वाढवा. खाली बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश यायचं. धपकन बसलं की मणक्याला हिसका बसतो, आणि मांडीच्या ज्या कामासाठी हा खटाटोप चाललाय ते कामच होत नाही.

आईबाबांनी खुर्चीशिवाय, मांड्या जमिनीला समांतर होईपर्यंत बसायचं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात, त्यामुळे टाचा उचलल्या जातात आणि तोल पुढे जातो. पहिले काही आठवडे टाचांखाली बोटभर जाडीची फळी घ्या. आखाड्यातली बैठक टाचा उचलूनच असते हे खरं, पण तिच्यात गुडघ्यावर भार जास्त येतो. ती सवयीनं कमवायची गोष्ट आहे. नातवानं त्याच तीस सेकंदांत बेडूकउड्या माराव्यात.

जोर काढण्याचंही असंच. आजी भिंतीवर हात टेकून, आई स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बाबा जमिनीवर. हात जितके खाली तितका भार जास्त. इथे सगळ्यांची चूक मात्र एकच: कंबर लोंबते. पोट आत घ्या, डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ रेघ ठेवा. रेघ मोडली की तीस सेकंद पुरे व्हायची वाट न पाहता थांबा.

सूर्यनमस्कार आपल्याकडे शाळेत शिकवले जातात. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा मोठा प्रसार केला. एकत्र घालताना अडचण येते ती वेगाची. मुलं भराभर घालतात, मोठ्यांचा श्वास चुकतो. एकानं आकडे द्यायचे, एका नमस्काराला साधारण अर्धं मिनिट. बाराला सहा-सात मिनिटं लागतात. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी डोकं खाली जाणाऱ्या स्थिती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत आणि श्वास कोंडून धरू नये.

दोरीच्या उड्या वरच्या मजल्यावर नकोतच. खालच्या घरात धाडधाड आवाज जातो आणि वरून पंख्याची भीती. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये जा. दोरीच्या मध्यावर एक पाऊल ठेवून दोन्ही मुठी वर ओढा, त्या काखेपर्यंत आल्या पाहिजेत. प्रत्येकाची लांबी वेगळी, म्हणून एकच दोरी घरभर फिरवू नका. फार तर गाठ मारून आखूड करा. उडी इंचभर उंच, उतरायचं चवड्यांवर, गुडघे सैल, दोरी मनगटानं फिरवायची. नडगी दुखू लागली तर समजावं की उडी फार उंच जातेय किंवा पहिल्याच आठवड्यात अति झालं.

आता फुगडी. मंगळागौरीपुरती ती ठेवून आपण एक उत्तम व्यायाम वाया घालवतो, असं मला कळकळीनं वाटतं. बाप-लेकीनं घालावी, सासू-सुनेनं घालावी. समोरासमोर उभं राहून दोघांच्या पायांचे चवडे जवळजवळ भिडवायचे, हात एकमेकांत फुलीसारखे गुंफायचे, कोपरं सरळ करून मागे झुकायचं आणि पावलं छोटी-छोटी टाकत गोल फिरायचं. कोपर वाकलं की सगळा भार खांद्यावर येतो आणि पकड सुटते. तळहात आधी कोरडे करा. वजनात फरक असेल तर जडानं कमी झुकायचं आणि हलक्यानं जास्त. उलट झालं तर हलका माणूस ओढला जातो. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर हळूहळू थांबा. शरीर थांबलं तरी अंतर्कर्णातला द्रव काही क्षण फिरत राहतो, म्हणून खोली फिरल्यासारखी वाटते. तेव्हा लगेच हात सोडू नका, एकमेकांना धरून नजर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर लावा. पुढची फुगडी उलट्या दिशेनं घाला.

पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र हात धरून गरगर फिरवू नका, एका हातानं वर उचलूही नका. या वयात कोपराचं हाड हिसक्यानं जागेवरून किंचित सरकू शकतं. मूल रडतं आणि तो हात वापरायचं बंद करतं. असं झालं तर घरी ओढाताण न करता डॉक्टरांकडे न्या. छोट्यांना काखेत धरून फिरवावं.

आजीला चक्कर येत असेल तर फुगडीऐवजी तिला ओट्याला धरून एका पायावर उभं करा, दहा सेकंद उजवा, दहा सेकंद डावा. मुलं तेव्हा लंगडी घालतील. ती नेहमी एकाच आवडत्या पायावर घालतात, दुसरा मुद्दाम घ्यायला लावा. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मुलांसाठी त्यात रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगितली आहे, मोठ्यांना आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम.

शेवटची पाच मिनिटं फुग्याची. दोन खुर्च्यांना तीन फूट उंचीवर सुतळी बांधा आणि फुगा सुतळीवरून एकमेकांकडे टोलवा, आजी-आजोबा बसून आणि मुलं गुडघ्यांवर उभी. फुगा सावकाश उतरतो, त्यामुळे मंद हाताला आणि मंद नजरेलाही वेळ मिळतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, लहान मुलाच्या घशात ते अडकू शकतात.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी साखर, गूळ जवळ ठेवावा. थरथर सुटली, घाम फुटला की थांबून खावा. छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर व्यायाम तिथेच सोडून थेट रुग्णालय गाठा.

मुलांची आपसांतली स्पर्धा लवकरच भांडणावर जाते. प्रत्येकानं आपला आकडा कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत आद्याक्षरासह लिहावा आणि तुलना आपल्याच कालच्या आकड्याशी करावी. ताप, परीक्षा, लग्नकार्य यानं आठवडा मोडला, तर परत सुरू करताना तीन फेऱ्यांऐवजी दोन, आणि तीस सेकंदांऐवजी वीस. चौथ्या दिवशी पूर्वपदावर या.