‘रिपीट’ म्हणायचं नाही

(दृश्य: संध्याकाळ. ड्रिल हॉलचं दार. ऑफिसच्या कपड्यांतली माणसं पाठीला पिशव्या अडकवून आत येतायत.)

दिवसभर कुणी बँकेत होतं, कुणी वर्गात शिकवत होतं, कुणी एखाद्या इमारतीत केबल ओढत होतं. आता सगळ्यांनी गणवेश चढवलाय. ही ब्रिटनच्या आर्मी रिझर्व्हची, म्हणजे राखीव सैन्याची, सिग्नल तुकडी, म्हणजे संदेश पोचवणारी. अशा रेजिमेंट ग्लासगोत आहेत, ब्रिस्टलमध्ये आहेत, लंडनजवळ बेक्स्लीहीथलाही आहेत. आठवड्यातली एखादी संध्याकाळ, काही शनिवार-रविवार आणि वर्षातून एकदा दोन आठवड्यांचा कॅम्प. बहुतेक तुकड्यांत वर्षाचे २७ दिवस भरले आणि ठरलेल्या चाचण्या पार केल्या की नेहमीच्या पगाराशिवाय करमुक्त बोनस मिळतो.

पण २७ दिवसांच्या बोनससाठी कुणी पावसात रात्र काढत नाही. ही माणसं येतात कशासाठी, ते पाहायला रेडिओच्या टेबलाशी बसावं लागतं.

(दृश्य: हेडसेट लावलेली नवी भरती. समोर नकाशा, पेन्सिल, नोंदवही.)

हिचा हा चौथा आठवडा. पलीकडच्या खोलीतून आकडे येतायत. एक आकडा नीट ऐकू आला नाही. ती बटण दाबते आणि सहज म्हणून जाते, “रिपीट.”

शिकवणारे कॉर्पोरल हात वर करतात. सगळं थांबतं.

रेडिओवर ‘रिपीट’ म्हणायचं नाही. तोफखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ होतो, मघाशी केलात तसाच मारा पुन्हा करा. ऐकू आलं नाही तर म्हणायचं, ‘से अगेन’. सिनेमातलं ‘ओव्हर अँड आउट’ही इथे चालत नाही. ‘ओव्हर’ म्हणजे तुमच्या उत्तराची वाट पाहतोय, ‘आउट’ म्हणजे माझं बोलणं संपलं. दोन्ही एकदम कसं होईल?

आकड्यांचंही तसंच. खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच वाटतात, म्हणून ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’. नकाशावरच्या सहा आकडी ठिकाणातला दुसरा आकडा पाचऐवजी नऊ लिहिला, तर जागा चार किलोमीटर पूर्वेला सरकते. जखमींना न्यायला निघालेली गाडी मग चार किलोमीटर लांब जाऊन उभी राहते. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमालाही याच काळजीतून आली. वेगवेगळ्या भाषांच्या लोकांच्या तोंडी आणि कानी हे शब्द तपासून घेतले गेले आणि १९५६ पासून ती आजच्या रूपात वापरात आहे.

(दृश्य: टोपीवरचा बिल्ला. पंखांच्या पायांचा देवदूत.)

ब्रिटिश सैन्याचा संदेशवहनाचा विभाग म्हणजे रॉयल कोअर ऑफ सिग्नल्स. त्याची स्थापना १९२० ची. त्याआधी हे काम सैन्यातल्या इंजिनिअर्सकडे होतं. आपली भारतीय कोअर ऑफ सिग्नल्स मात्र १५ फेब्रुवारी १९११ ची, म्हणजे तिच्याहून नऊ वर्षांनी थोरली. हा देवदूत म्हणजे रोमन देवांचा निरोप्या मर्क्युरी. तो दोघींच्याही चिन्हात आहे आणि दोन्हीकडे त्याला लाडानं ‘जिमी’च म्हणतात. त्यांचं ब्रीद ‘जलद आणि खात्रीनं’ अशा अर्थाचं, आपलं ‘तीव्र चौकस’. मला आपलं जास्त आवडतं. त्यात कान टवकारलेला माणूस दिसतो.

(दृश्य: डोंगराळ माळ. संध्याकाळ. दोरीला दगड बांधून झाडावर फेकला जातो.)

आता कॅम्प. पाठीवरचा रेडिओ सेट डोंगराआड पोचत नाही, कारण त्याच्या लहरी बऱ्याचशा नजरेच्या रेषेतच जातात. म्हणून एचएफ, म्हणजे हाय फ्रीक्वेन्सी. या लहरी वर जातात, आयनमंडलावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परततात आणि डोंगरापलीकडे उतरतात. तार मोजून कापायची. पाच मेगाहर्ट्‌झला लहर साठ मीटरची, अँटेना तिच्या निम्म्याला थोडी कमी, साधारण साडेअठ्ठावीस मीटर. ती फार उंच बांधायची नाही, म्हणजे लहर सरळ वर जाऊन आसपासच्या मुलखात परत येते. हे गणित ती घरच्या टेबलावर करून आलीय. ओल्या हातांनी तारेला गाठ मारणं मात्र इथेच शिकावं लागतं.

सूर्य मावळला की आयनमंडल विरळ होतं. दिवसा चाललेली फ्रीक्वेन्सी आता तिथून परत न येता अवकाशात निघून जाते. म्हणून कमी फ्रीक्वेन्सीवर उतरावं लागतं. खालच्या फ्रीक्वेन्सी दिवसभर शोषून घेणारा थर रात्री जवळजवळ नाहीसा झालेला असतो, त्यामुळे वाट मोकळी होते.

(दृश्य: तंबू. लाल दिव्याचा मंद उजेड. रेडिओची खरखर.)

दहा मिनिटं नुसती खरखर. ती घाई करत नाही. एका हातानं हेडसेट कानावर दाबून धरलाय, दुसऱ्या हातात पेन्सिल.

मग फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा एक आवाज. तिचं संकेतनाम. पाठोपाठ सहा आकडे.

दुसरा आकडा खरखरीत बुडतो.

“से अगेन,” ती म्हणते.

आकडे पुन्हा येतात. ती एकेक करून परत वाचून दाखवते. पलीकडून होकार येतो. नोंदवहीत ती वेळ लिहिते आणि पुढची ओळ मोकळी सोडून पुन्हा कान देते.