लग्नपत्रिकांवर चालणारा छापखाना

(वर्ध्यात तरुण चित्रकार आणि कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘परिवर्तनाचा छापखाना’ असं दिलंय. नाव भारी आहे. पण तुमच्यापैकी कोणी उद्या चिमूरच्या पुढे आमच्या गावच्या छापखान्यात आलात तर परिवर्तन काही लगेच नजरेस पडणार नाही. लग्नपत्रिका पडतील. लाकडी मांडणीवर वाळत घातलेल्या, लाल गणपतीच्या, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’वाल्या. शेजारी किराणा दुकानाची बिलबुकं, कुणाच्या तरी तेरवीची पत्रकं, आणि दिवाळीनंतर आलात तर मंडईतल्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, नाटकांची पोस्टरं. कोपऱ्यात ग्रामसभेचं किंवा आशाताईंच्या मोर्चाचं पोस्टर असलं तर असलं.

हे रडगाणं नाही. मला आज जे सांगायचंय ते हेच आहे. चळवळीचा छापखाना चळवळीच्या पैशावर चालत नाही, आणि माझं मत विचाराल तर चालवूही नये.

चळवळीचं काम कसं येतं ते तुम्हाला माहीत आहे. मोर्चाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येतं, उद्या सकाळी हवं असतं आणि उधारीवर असतं. मग चार महिने काहीच नसतं. त्या चार महिन्यांत विजेचं बिल थांबत नाही, कागदवाला थांबत नाही, रोजीवर असलेल्या पोरीचं घर थांबत नाही. दुसरा मार्ग अनुदानाचा. तोही आम्ही करून पाहिला. एका संस्थेने पैसे दिले, चांगले दिले, पण प्रत्येक पोस्टरवर त्यांचं बोधचिन्ह हवं होतं आणि ते मथळ्याइतकंच ठळक हवं होतं. रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीचं पोस्टर. त्यावर मजुराच्या चेहऱ्याएवढं बोधचिन्ह. गावातल्या म्हाताऱ्याने विचारलं, “हे कोन्या कंपनीचं औषध हाय जी?” पुढच्या वर्षी आम्ही अर्ज केला नाही.

म्हणून लग्नपत्रिका. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत चालतो. त्यातच झाडीपट्टीच्या नाटकांची भर. इथे पश्चिमेकडच्या मंडळींना कदाचित कल्पना नसेल. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटकं होतात. वडसा हे कंपन्यांचं ठाणं, बुकिंग तिथेच. कुठे मंडई, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, त्या निमित्ताने नाटक, आणि प्रत्येक नाटकाला पोस्टर. शंकरपटांवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. नंतर राज्याने कायदा बदलला आणि 2023 मध्ये न्यायालयाने तो मान्य केला. पट थांबला की त्या निमित्ताची पोस्टरंही थांबतात, त्यामुळे दिल्लीतला निकाल आमच्यासारख्या छापखान्याच्या वहीत उतरतो.

ही नाटकांची पोस्टरं कला महाविद्यालयातल्या पोरांना भडक वाटतात. त्यांना मी म्हणतो, आधी ती नीट पाहा. सायकलवरून जाणाऱ्या माणसाला वीस पावलांवरून नाटकाचं नाव, गाव आणि तारीख वाचता येते. तुमच्या पर्यावरणदिनाच्या पोस्टरवर पहिल्यांदा काय वाचायचं तेच कळत नाही. आमच्या भागाला पोस्टरची स्वतःची शाळा आहे, फक्त तिला कोणी शाळा म्हणत नाही.

आता यंत्राकडे येतो. आमच्याकडे मुख्य काम स्क्रीन प्रिंटिंगचं, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग कागदावर उतरवायचा. ट्रेडल मशीन होती, पण खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणारे हातच उरले नाहीत. कित्येक छापखान्यांचे खिळे भंगारात किलोवर गेले. इथून जवळ पवनारला, विनोबांच्या ब्रह्मविद्या मंदिर आश्रमात, तिथे राहणाऱ्या बहिणींनी ‘मैत्री’ मासिकाची छपाई स्वतःच्या हातांनी केली. छापखाना म्हणजे पुरुषांचं आणि शहराचं काम असं ज्यांना वाटतं त्यांनी तेवढं लक्षात ठेवावं. ऑफसेट आमच्या कामाची नाही. प्लेट करायची तर हजार प्रती काढल्याशिवाय परवडत नाही, आणि आम्हाला लागतात साठ, शंभर, फार तर दोनशे. फ्लेक्स स्वस्त आहे, एका तासात मिळतो. पण फ्लेक्स एकच निघतो, एका चौकात लागतो, पहिल्या पावसानंतर कुणाच्या तरी गोठ्यावर झाकण म्हणून जातो. शंभर कागद शंभर घरांत जातात.

फ्लेक्सने आमच्या भागातले पेंटर बेकार केले. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार लिहिणारी माणसं. एकेकाळी तालुक्याला त्यांची अक्षरं ओळखीची होती. त्यातले दोघे आज आमच्याकडे येतात. बटर पेपरवर काळ्या गडद रंगात ब्रशने थेट लिहितात. तोच कागद आमचा पॉझिटिव्ह, जाळीवर अक्षर उतरवायचा नमुना. जाळीला इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, लावून अंधाऱ्या खोलीत वाळवायचं, वर बटर पेपर ठेवून काच दाबायची आणि उन्हात धरायचं. जिथे ऊन पोचतं तिथे इमल्शन घट्ट होतं, काळ्या अक्षराखाली कच्चं राहतं आणि पाण्याने धुतलं की अक्षराएवढी जाळी मोकळी होते. ना फॉन्ट लागतो, ना संगणक. गोंडी बोलणाऱ्या गावांसाठी देवनागरीत छापा किंवा मंगलसिंग मसराम यांनी 1918 साली घडवलेल्या लिपीत छापा, जाळीला फरक पडत नाही. हाताने लिहिता आलं पाहिजे, बस.

ऊन फुकट आहे, पण ते आमचंच ऊन आहे. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पाण्याच्या रंगात छापत असाल तर दोन पोस्टरांमध्ये चहाचा घोट घेण्याइतकी उसंत घेतली तरी रंग जाळीतच वाळतो, अनुस्वार बुजतात. ‘संप’चा ‘सप’ होतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे चारला काम सुरू, नऊला बंद, आणि प्रत्येक ओढीनंतर स्क्वीजीने, म्हणजे रंग ओढायच्या रबरी पट्टीने, जाळीवर रंगाचा पातळ थर पसरून ठेवायचा, जाळी उघडी ठेवायचीच नाही. पावसाळ्यात उलट. कागद ओल धरून फुगतो आणि सकाळी छापलेल्या पिवळ्यावर संध्याकाळी निळा बसत नाही.

एक गोष्ट मात्र तळमळीने सांगतो. जुन्या पद्धतीच्या इमल्शनमध्ये बायक्रोमेट असतं. ते क्रोमियमचं विष आहे, त्याने कातडी जळते, कर्करोगाचा धोका असतो. ‘नदी वाचवा’ छापायचं आणि जाळी धुतलेलं पिवळं पाणी नाल्यात सोडायचं, असे छापखाने मी पाहिलेत. बायक्रोमेटशिवायचं तयार इमल्शन मिळतं. महाग आहे. ते घ्या.

आता एका पोस्टरबद्दल जरा सविस्तर बोलतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सगळ्या देशाने बातमी वाचली. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जास्त, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे कमी. ही खूण कायद्याने आहे, पण बाकीची माहिती इतक्या बारीक अक्षरात असते की तरण्या डोळ्यालाही वाचवत नाही, मग पंप पाठीवर घेतलेला माणूस काय वाचणार. एका चित्रकार मुलीने ठरवलं की हे चार रंगच मोठे करून कृषी केंद्रांत आणि चक्कीवर लावायचे.

चित्र सुरेख होतं. खर्चही तिने वाचवला होता. लाल, पिवळा, निळा आणि काळा, एवढ्या चारच जाळ्या. हिरव्याची वेगळी जाळी नाही, पिवळ्यावर पारदर्शक निळा चढवला की हिरवा. छापण्याआधी आमची रीत आहे की कच्ची प्रत ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यात फिरवायची. तिथे कोणी “छान आहे” म्हटलं की आम्ही ते मोजत नाही. “काय सांगतंय हे?” एवढंच विचारतो. निंदणाला निघालेल्या बायकांच्या घोळक्यात प्रत दाखवली. एक बाई बराच वेळ पाहत राहिली. मग हिरव्यावर बोट ठेवून म्हणाली, “म्हंजे हे चालते. याच्यात तोंडाले बांधाची गरज नाही.”

बाईचं काय चुकलं? हिरवा म्हणजे जा, हिरवा म्हणजे शेत, हिरवा म्हणजे बरं. सरकारी खूण करणाऱ्याने कपाशीच्या तासात उभं राहून ती कधी पाहिली नसावी. मुलीने चित्र पुन्हा केलं. चारही रंगांच्या बाजूला तोंडाला फडकं बांधलेला एकच माणूस, हिरव्याच्या बाजूलाही तोच, तेवढाच मोठा, आणि पेंटरच्या जाड ब्रशने एक ओळ: ‘हिरवंही विषच’. पहिल्या चित्रापेक्षा ते कमी देखणं आहे. एका प्रदर्शनवाल्यांनी पहिलंच मागितलं होतं. आम्ही दुसरंच छापलं.

या पोस्टरचा पैसा कुठून आला? पत्रिकांतून. आमचा हिशेब साधा आहे. आम्ही काही जणांनी भाग घालून हा छापखाना उभा केला, मालक कोणीच नाही. धंद्याच्या कामातून आधी मजुरी, वीज, कागद निघतो, उरलेलं पोस्टरखात्यात जातं. त्या खात्यातून कोणत्याही गावाला, गटाला, चित्रकाराला फक्त कागद-रंगाच्या खर्चात छापून मिळतं. तेवढेही पैसे नसतील तर माणसं पाठवायची. स्क्वीजी ओढायला एक, कागद उचलून मांडणीवर ठेवायला एक. उधारी बंद केल्यापासून गर्दी कमी झाली आणि येणारे बरे येतात. जो आपलं पोस्टर रात्रभर स्वतः छापतो तो दोनशे मागत नाही, साठ मागतो आणि साठही लावतो.

पॅरिसचं उदाहरण चित्रकार मंडळी नेहमी देतात. 1968 च्या मे महिन्यात तिथल्या विद्यार्थ्यांनी कला महाविद्यालय ताब्यात घेतलं, आधी लिथोवर, म्हणजे शिळाछपाईवर, आणि मग स्क्रीनवर पोस्टरं काढली, कोणतं छापायचं ते सभेत ठरवलं, आणि चित्रकाराचं नाव कुठेच घातलं नाही. सभा आम्ही घेतली, नाव गाळणं मात्र घेतलं नाही. कागदावर मुद्रकाचं नाव आणि गाव असलंच पाहिजे हा 1867 चा इंग्रजी कायदा होता. 2024 च्या मार्चमध्ये तो गेला, त्याच्या जागी आलेला कायदा नियतकालिकांपुरता आहे. तरी आम्ही खाली नाव घालतो. खेड्यात निनावी काही राहत नाही. कागद कुठून आला ते तलाठ्यापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. नाव नसलं की फक्त संशय वाढतो. निवडणुकीच्या दिवसांत तर पर्यायच नाही. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-क प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेत, प्रकाशकाचं सही केलेलं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र हवं, आणि छापल्यावर एक प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जायला हवी. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घाईत आलेला कार्यकर्ता म्हणतो, भाऊ, नंतर आणून देतो कागद. नाही. आधी कागद, मग जाळी.

एक गंमत सांगतो, तिला गंमत म्हणावं की नाही माहीत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकण्याची परवानगी मिळायला 2011 उजाडलं. कारण 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौणवनोपज, म्हणजे गावाचा, आणि 1927 च्या वन कायद्यात बांबू झाड, म्हणजे वनखात्याचा, हा घोळ पुढे 2017 पर्यंत चालला. आजूबाजूच्या गावांनी आपल्या ग्रामसभांची पोस्टरं आमच्याकडे छापली, बांबू आमचा म्हणून. कागद आम्ही बल्लारपूरचा घेतो, जवळ पडतो. त्या गिरणीत पिढ्यान् पिढ्या बांबू गेला तो याच जंगलांतला. गठ्ठा बांधताना एका ग्रामसभेच्या अध्यक्षाने कागद बोटांत चोळला आणि म्हणाला, “आपलाच माल हाय, छापाई देऊन परत नेऊन रायलो.”

राहिलं लावणं. चित्रकार इथेच कंटाळतात. सरकारी भिंतीला हात लावू नका, विद्रूपीकरणाचा 1995 चा कायदा आहे. खाजगी भिंतीला घरधन्याला विचारा, विशेषतः घरधनिणीला. मैद्याची खळ पातळ करा, जाड लावली की वाळल्यावर पोपडे सुटतात. किडीसाठी जुने लोक तिच्यात मोरचूद घालायचे. तुम्ही घालू नका, खळ लावलेला कागद बकऱ्या खातात, मोरचूद त्यांच्या पोटात जातं. त्यापेक्षा कागद बकरीच्या तोंडापासून वर लावा. आणि चौकापेक्षा चक्की बरी. दळण होईस्तोवर बाई तिथे उभी असते, तिला दुसरं काही वाचायला नसतं.

रंग-जाळीबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. किमतीबद्दल विचारायचं असेल तर तुळशीच्या लग्नाआधी विचारा, नंतर आम्हाला वेळ नसतो.