रांग कुठेही जात नाही

नमस्कार मंडळी. या मेळाव्यात मी रुग्णालयांच्या वेळापत्रकांवर बोलावं असं आधी ठरलं होतं. तो माझा व्यवसाय. बाह्यरुग्ण विभागात कुणाला कितीची वेळ द्यायची, हे ठरवण्यात माझी वीस वर्षं गेली. पण त्याच आठवड्यात मला तीन घरांतून फोन आले आणि तिन्ही घरांचा प्रश्न एकच: "आईबाबा आलेत, ऑर्लँडोला नेतोय. ते लाइटनिंग लेनचं काय प्रकरण आहे, जरा सांग ना." लाइटनिंग लेन म्हणजे फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये राइडची वेळ आधी धरून आत जायची वेगळी, पैसे मोजायची रांग. तेव्हा मी विषय बदलून घेतला. खरं तर बदललाच नाही. दवाखाना असो की डिस्ने वर्ल्ड, माणसं जास्त आणि जागा कमी, हे गणित तेच.

सुरुवात मात्र मी पंढरपूरपासून करणार आहे. माझी आजी सोलापूर जिल्ह्यातली. आषाढीला पदस्पर्श दर्शनाची बारी पार गोपाळपूरच्या बाजूला जाते, हे इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय, काहींनी पायांनी मोजलंय. तरुणपणी आजी त्या बारीत उभी राहायची. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ती मुखदर्शनाला जाऊ लागली. ती रांग वेगळी, लवकर सरकणारी. देव दुरून दिसतो, पायावर डोकं टेकता येत नाही. आणि शेवटची काही वर्षं ती नामदेवाच्या पायरीपाशी हात जोडायची, कळसाकडे बघायची आणि म्हणायची, "झाली वारी." एकाच देवळाच्या या तीन रांगा, त्यातली तिसरी तर रांगच नाही. कुठल्या वर्षी कुठली धरायची, हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं. डिस्नेला जाताना नेमकं हेच ठरवायचं असतं, आणि नेमकं हेच आपण ठरवत नाही.

आता थोडं गणित. घाबरू नका, भागाकाराच्या पुढे जाणार नाही. जॉन लिटल नावाच्या गृहस्थांनी १९६१ मध्ये एक सूत्र सिद्ध केलं. रांगेत सरासरी किती माणसं आहेत, याला तासाला किती माणसं पुढे जातात, याने भागा. सरासरी किती थांबावं लागतं ते कळतं. समजा एक राइड तासाला १२०० माणसं घेते. हा आकडा हिशेबापुरता धरलाय. तुमच्या पुढे ३०० माणसं आहेत, म्हणजे पंधरा मिनिटं. आता त्याच राइडला दुसरं दार काढलं, आरक्षणवाल्यांचं, आणि १२०० पैकी ९०० जागा त्या दाराला दिल्या. साध्या रांगेसाठी उरल्या ३००. तुमच्यापुढे तेवढीच ३०० माणसं आहेत, पण आता थांबायचं एक तास. राइडला एक खुर्चीसुद्धा वाढलेली नाही. आरक्षणाने रांग संपत नाही मंडळी, ती एकाच्या पायांवरून दुसऱ्याच्या पायांवर जाते.

आणि एक गंमत. आरक्षण घेतलेला माणूस स्वस्थ बसतो का? नाही. त्याचा नंबर एका राइडला लागलेला असतो आणि देह दुसरीच्या साध्या रांगेत उभा असतो. एक माणूस, दोन रांगा. हजारोंनी तसं केलं की पार्कातल्या सगळ्याच रांगा फुगतात.

हा खेळ डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास या नावाने सुरू केला. तेव्हा फुकट होता. राइडच्या तोंडाशी यंत्र असायचं, त्यात प्रवेशाचं तिकीट सारायचं, यंत्र कागदाची चिठ्ठी द्यायचं: अमुक ते अमुक या तासात या. मग प्रत्येक कुटुंबातला एक बिचारा, बहुधा बाबा, सगळ्यांची तिकिटं मुठीत घेऊन पार्कभर धावायचा. २०१३-१४ च्या सुमारास ते फोनवर आणि मनगटपट्टीवर आलं; डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना साठ दिवस आधी आणि इतरांना तीस दिवस आधी वेळ धरता यायची. तेही फुकट. २०२० मध्ये करोनाने पार्क बंद पडले आणि फास्टपास पुन्हा उघडलाच नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात जिनी प्लस आलं, पैसे मोजून. त्यात त्याच दिवशी सकाळी सातला बोटं चालवायची. तत्काळ तिकीट ज्यांनी काढलंय त्यांना ती छातीतली धडधड वेगळी सांगायला नको. २०२४ च्या जुलैत त्याचं नाव आणि नियम बदलले: लाइटनिंग लेन मल्टी पास, आणि काही मोजक्या राइडसाठी सुटा सिंगल पास. त्याच वर्षी प्रीमियर पासही आला. त्यात वेळ धरायची गरजच नाही, हवं तेव्हा जा; पण भाव असा की गर्दीच्या दिवशी तो पार्कच्या तिकिटालाही मागे टाकतो. त्याबद्दल मी आणखी बोलणार नाही. ज्यांना परवडतं त्यांना व्याख्यानाची गरज नसते.

मल्टी पासचे नियम जाण्याआधी ॲपमध्ये पुन्हा बघा, ते बदलत असतात. ढोबळ रीत अशी. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी, सगळ्या मुक्कामाचं एकदम धरता येतं. बाहेर उतरणाऱ्यांना तीन दिवस आधी. दोघांनाही फ्लोरिडाच्या घड्याळात सकाळी सातला. एका पार्कात आधी तीन राइड धरायच्या. डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजमध्ये राइडचे दोन गट केलेत: जास्त मागणीच्या गटातली एकच मिळते, बाकी दोन दुसऱ्या गटातल्या. चौथ्या, ॲनिमल किंगडममध्ये गट नाहीत. एक राइड दिवसातून एकदाच. पहिलं आरक्षण वापरलं, दारावर टिकटिक झाली, की आणखी एक धरता येतं. हा शेवटचा नियम लोक वाचतात आणि विसरतात, म्हणून पुन्हा सांगते. तीन राइड म्हणजे दिवसाचा कोटा नव्हे. ते पहिलं कर्ज आहे, फेडलं की पुढचं मिळतं. पहिली वेळच दुपारी दोनची घेतली तर दोनपर्यंत तुमचं खातं गोठलेलं. पहिली वेळ सकाळचीच हवी, मग ती राइड जरा कमी आवडीची असली तरी चालेल.

पण कुठल्या राइडसाठी धरायचं? इथे सगळे चुकतात. आपल्याला वाटतं, जी जास्त थरारक तिची रांग मोठी. पीटर पॅन्स फ्लाइट बघा. १९७१ मध्ये मॅजिक किंगडम उघडलं तेव्हापासूनची, लहान मुलांची, अगदी हळुवार राइड. वरच्या रुळाला टांगलेली छोटी जहाजं, एकेकात दोन-तीन माणसं. जहाज लहान, म्हणून तासाला माणसं कमी, म्हणून रांग ही एवढी. आता शेजारचं हाँटेड मॅन्शन. तिथे खुर्च्यांची साखळी अखंड फिरत असते, थांबतच नाही. माणसं सरकत्या पट्ट्यावरून येऊन बसत राहतात. रहाटाला बांधलेले पोहरे कसे एकामागून एक भरत जातात, तसं. तिची रांग मोठी दिसली तरी पाय सतत हलत राहतात. इट्स अ स्मॉल वर्ल्डमध्ये मोठ्या होड्या आहेत. ती मूळची १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातली, गर्दी गिळण्यासाठीच घडवलेली. म्हणून माझा सल्ला: राइडचं नाव ऐकू नका, खुर्च्या मोजा. लहान गाडी, तासाला कमी माणसं घेणारी, पोरांची लाडकी; आरक्षण तिथे खर्च करा. होड्या आणि साखळ्यांना साधी रांग बरी.

थांबण्याचंही एक मानसशास्त्र असतं. रिकामं थांबणं लांबतं, गुंतलेलं थांबणं आखूडतं. डंबोचं उदाहरण घ्या. उडत्या हत्तींचा गोल पाळणा, जत्रेतल्यासारखा. २०१२ मध्ये डिस्नेने तो दुप्पट केला, आणि रांगेच्या जागी एक तंबू उभारून त्यात मुलांना खेळायला सोडलं. तेव्हा आईबापांच्या हातात पेजर असायचा. पेजर थरथरला की तुमची पाळी. मुलं पाळी आली तरी खेळ सोडून यायला तयार नसत! आमच्या दवाखान्यात मी हे सुचवलं होतं. खेळण्याची जागा मिळाली, पेजर नामंजूर झाला. असो.

आता माझी फजिती. २०२४ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. वय एकाहत्तर, चालणं ठीक, पण उन्हात लवकर दमतात. त्यांना आणायला मी जुलैअखेर पुण्यात होते, म्हणजे वेळा पुण्यातूनच धरायच्या होत्या. उन्हाळ्यात फ्लोरिडाचे सकाळचे सात म्हणजे आपले दुपारचे साडेचार. (हिवाळ्यात साडेपाच, लक्षात ठेवा.) बाहेर पाऊस, गॅसवर चहा, आणि मी लॅपटॉप घेऊन ओट्याशी उभी. सासूबाई म्हणाल्या, "कसली परीक्षा आहे?" मी म्हटलं, "निकाल आहे." चहा उतू गेला, पण वेळा मिळाल्या: दहा दहाला पीटर पॅन, सव्वाअकराला बझ लाइटइयर, बारा वीसला पायरेट्स ऑफ द कॅरिबियन. तासाभराच्या अंतराने तीन मोती ओवल्यासारखे. कागदावर इतकं सुंदर वेळापत्रक मी दवाखान्यातसुद्धा कधी केलं नव्हतं.

त्या कागदावर नकाशा नव्हता. मॅजिक किंगडम चाकासारखं आहे. मध्ये किल्ल्यासमोरचा चौक, तिथून आरे फुटतात. पीटर पॅन किल्ल्यामागे फँटसीलँडमध्ये, बझ उजव्या हाताला टुमॉरोलँडमध्ये, पायरेट्स पार डावीकडे ॲडव्हेंचरलँडमध्ये. म्हणजे मी एकाहत्तर वर्षांच्या बाईंना ऑगस्टच्या उन्हात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, रांग वाचवण्यासाठी. रांगेत निदान सावली असते, बऱ्याच ठिकाणी गारवाही. पायरेट्सच्या दारात त्या मला म्हणाल्या, "अगं, उभं राहिले असते तर एवढी दमले नसते." वीस वर्षांच्या अनुभवावर पाणी पडलं ते तिथे.

तेव्हापासून मी आधी नकाशाची फाळणी करते, मग वेळा बघते. सकाळ एका आऱ्यात, दुपार दुसऱ्यात. डिस्नेच्या हॉटेलात असाल तर दार उघडण्याआधीचा अर्धा तास मिळतो. तो आरक्षणाइतकाच मोलाचा आहे, त्यात दोन मोठ्या राइड साध्या रांगेतून उरकतात. दहा ते एक आरक्षणं. एक ते चार ज्येष्ठांना आणि पोरांना हॉटेलात झोपवा. हे ऐकून सगळे म्हणतात, "एवढं तिकीट काढून झोपायचं?" हो, झोपायचं. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी वादळ बऱ्याचदा येतं, आणि आकाशात वीज चमकली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. आकाशातल्या लाइटनिंगपुढे विकत घेतलेल्या लाइटनिंगचं काही चालत नाही. तुमच्या वेळेत राइड बंद पडली तर तो पास वाया जात नाही, पुढे वापरता येतो. तेव्हा दारात उभं राहून भिजू नका. आणि पार्क बंद व्हायच्या पाच मिनिटं आधीही साध्या रांगेत शिरलात तरी तुम्हाला राइड देतात. दिवसभर तास-तास चाललेली पीटर पॅनची रांग तेव्हा बरीच ओसरलेली असते. तरुण मंडळींनी ती वेळ धरावी.

पंढरपूरच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या घराने पदस्पर्शाच्या बारीत उभं राहायलाच हवं असं नाही. नातवंडांना स्पेस माउंटनच्या अंधाऱ्या रोलर कोस्टरला पाठवा, आणि आजोबांना कळस दाखवा. कळस म्हणजे संध्याकाळची आतषबाजी, रस्त्यावरची मिरवणूक, मेन स्ट्रीटवरची घोड्यांची ट्राम. त्यांना नंबर लावावा लागत नाही.

सासूबाईंना त्या दिवशी सगळ्यात आवडली ती पीपलमूव्हर. सरकत्या पट्ट्यावरून वर जायचं, उघड्या डब्यात बसायचं, आणि टुमॉरोलँडच्या छपराखालून सगळ्या इमारतींभोवती सावकाश फिरायचं. मध्येच ती स्पेस माउंटनच्या अंधारातून जाते, किंकाळ्या ऐकू येतात, आपण आपले बसलेले. तिला आरक्षण नाही आणि रांगही जेमतेम. आम्ही तीनदा बसलो. तिसऱ्या फेरीला त्यांनी खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "ही एवढी माणसं कशासाठी उभी आहेत गं?"

मी फोन काढून बघितला. आमचा पुढचा नंबर सात चाळीसचा होता.