कॅन्सर का उलटतो?

काचेवरचा हा गुलाबी-जांभळा डाग दिसतोय ना, तो रेक्टमच्या कॅन्सरचा काप आहे, केसापेक्षाही पातळ. जांभळे ठिपके म्हणजे पेशींची केंद्रकं. काही फुगलीयत, काही वेडीवाकडी झालीयत, आणि ही पेशी बघा, दोन होता होता अडकलीय, क्रोमोसोम, म्हणजे डीएनएच्या गुंडाळ्या, दोन्ही बाजूंना ओढले गेले आणि एक बिचारा मधेच मागे राहिला. त्या मागे राहिलेल्यावर जरा लक्ष ठेवा.

रेक्टम म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण १५ सेंटीमीटर भाग. जागा फार अडचणीची, कमरेच्या हाडांच्या आत, त्यामुळे ऑपरेशन करूनही कॅन्सर तिथेच उलटायचा. १९८२ मधे इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी दाखवून दिलं की रेक्टमभोवतीचं चरबीचं वेष्टन न फाडता अख्खं काढलं तर हे खूप कमी होतं. मग काढलेल्या भागाच्या कडेला शाई लावून मोजायला लागले, कॅन्सर शाईपासून १ मिलिमीटरच्या आत आला की काळजी. पुढे २००१ मधे नेदरलँड्सच्या अभ्यासात ऑपरेशनआधी रेडिएशन घेतलेल्यांमधे २ वर्षांत त्याच जागी कॅन्सर उलटण्याचं प्रमाण २.४ टक्के निघालं, न घेतलेल्यांमधे ८.२.

तरीही दोन पेशंट असतात, स्टेज तीच, कडा दोघांच्याही स्वच्छ, आणि एकाला वर्षा-दोन वर्षांत लिव्हरमधे गाठ दिसते. घरच्यांचा एकच प्रश्न असतो, सगळं तर काढलं होतं ना? खरंच काढलेलं असतं हो. पण काही पेशी आधीच निसटलेल्या असतात, आणि त्या परक्या जागी तग धरतील का हे बरंचसं त्यांच्या क्रोमोसोमवर अवलंबून असतं.

आपल्या पेशीत ४६ क्रोमोसोम. कॅन्सरच्या पेशीत हा हिशोब कोलमडतो. थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ मधेच, समुद्री अर्चिनच्या अंड्यांवरच्या आपल्या कामावरून, गाठींचं मूळ या बिघडलेल्या वाटणीत असावं असं मांडलं होतं, तेव्हा माणसाचे क्रोमोसोम नक्की किती हेसुद्धा ठाऊक नव्हतं!

आता तो मागे राहिलेला क्रोमोसोम. तो कधीकधी वेगळ्याच छोट्या केंद्रकात अडकतो, तिथे त्याचे तुकडे होतात आणि ते उलटेसुलटे जोडले जातात. आतड्याच्या कॅन्सरमधे काही जागा वारंवार बिघडलेल्या दिसतात. क्रोमोसोमच्या दोन भागांना हात म्हणतात, एक आखूड, एक लांब. १७ नंबरच्या क्रोमोसोमचा आखूड हात गेला की पी५३ हा पेशीवर पहारा देणारा जीन जातो, १८ चा लांब हात गेला की वाढीला ब्रेक लावणारा स्मॅड४ हा जीन जाऊ शकतो, उलट २० च्या लांब हाताच्या जास्तीच्या कॉपी तयार होतात. असा गोंधळ जास्त असलेले कॅन्सर एकंदरीत जास्त त्रास देतात, कारण दर विभाजनात नवी जुळवाजुळव, आणि त्यातली एखादी औषधालाही पुरून उरते.

पण १८ चा हात नाही म्हणून कॅन्सर उलटणारच, असं कोणी सांगितलं तर घाबरून जाऊ नका. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतला हिशोब वेगळा निघतो, बायोप्सीचा तुकडा फक्त त्याच्या कोपऱ्यापुरतं बोलतो. म्हणूनच आता रक्तातही शोधतात, मरणाऱ्या कॅन्सर पेशींचा डीएनए रक्तात सांडतो, आणि ऑपरेशननंतरही तो सापडत राहिला तर स्कॅनवर काही दिसायच्या आधीच डॉक्टर सावध होतात.